खांडीला वळसा

कासू
५ सप्टेंबर २००४, रविवार

दादा,

पत्र तुझ्याच नावाचं आहे. विमलवहिनींनी आधी फोडलं तर त्यांनीच तुला वाचून दाखवावं. फोन मी दोनदा केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. पत्रही टाकून देता येतं, पण त्याआधी ते हातात तरी घ्यावं लागतं.

काम एकच आहे. माझ्या कमरेत उसण भरली आहे. नेहमीची नव्हे. पाठीत डाव्या अंगाला, खोल, कुणी आतून खुंटा ठोकल्यासारखी. बसलो तरी आहे, निजलो तरी आहे. संध्याकाळ झाली की हुडहुडी भरून ताप येतो. पेणच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, साखर वाढली म्हणून रागावले. ताप थोडा दबला आणि परत आला. पाठ तशीच.

अधिक महिन्याच्या पुनवेला उधाण आलं आणि आपल्या बंदिस्तीचा खाडीकडचा बांध फुटून खांड पडली. खाडीचं पाणी भातात घुसलं. घरटी एक माणूस उतरला. आपल्या घरचा मी. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून मातीची ढेकळं हातोहात देत होतो. कालवाच्या शिंपल्याने पाय कापला, त्यात हळद भरली आणि पुन्हा उतरलो. कंबर तेव्हाच धरली असणार. इंदू तेच म्हणते, शेजारची बायजाबाईही तेच म्हणते.

तू पायाळू. आईच्या पोटातून आधी तुझे पाय आले, डोकं मागून, आणि तेव्हापासून अख्खी पंचक्रोशी उसण घेऊन आपल्या ओट्यावर येत होती. रविवारी, अनशापोटी, उंबऱ्याजवळ पालथं निजवून तू तीन वेळा पाय लावायचास आणि माणूस उठून चालत जायचा. हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. येत्या रविवारी ये. सकाळच्या गाडीने ये, दुपारच्या गाडीने परत जा. जेवायला थांब असा आग्रह करत नाही.

बाबांचं मी काढत नाही. तूही काढू नकोस.

कमळाकर


कासू
१४ सप्टेंबर

दादा,

कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यात वाचायला दोनच वाक्यं. "माझा पाय कोणाच्या पाठीला लागणार नाही. चांगल्या डॉक्टरला दाखव." खाली सहीसुद्धा नाही.

इंदूने विचारलं, "काय लिवलंय भावजींनी?" मी म्हटलं, कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे. तर म्हणाली, "सोळा वर्सं ओव्हरटाइम? मंग कंपनी आता त्यांच्याच नावावर झाली असंल." मला हसू आलं आणि हसताना पाठीतून अशी कळ गेली की भिंत धरून उभा राहिलो.

बाबांचं काढणार नाही म्हटलं होतं. आता काढतो. बाबांनाही अशीच कंबर धरली होती. त्यांनी तुला मळ्यातून बोलावून घेतलं, तू हातपाय धुऊन आलास, पाय लावलास. तिसऱ्या वेळी ते ओरडले. हळदीसारखे पिवळे पडले आणि दुपारच्या आत गेले. स्मशानात कान्हूकाका कुणाला तरी म्हणाला, "पाय लागला नि म्हातारा ग्येला." ते तू ऐकलंस. मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तेरावं झालं आणि तू वहिनींना घेऊन रोह्याकडे वरशाला कंपनीत गेलास. आईच्या वेळी आलास तो परस्पर स्मशानात, आणि तिथूनच परत.

तुझं दुःख मोठं, हे मला मान्य आहे. पण बंदिस्तीने तुझं दुःख पाहिलं नाही. दर उधाणाला ती फुटायची आणि दर वेळी आपल्या घरातून मी एकटा उतरायचो. तू आपल्या पायाला भिऊन पळालास, दादा. पळताना मला मागे सोडलंस.

आता मला तुझी गरज नाही. गडबची पुतळीआत्याही पायाळू आहे. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी रविवारच येतो. तिला आणायला जनूची रिक्षा सांगितली आहे.

कमळाकर


मुंबई, हॉस्पिटल
२४ सप्टेंबर

दादा,

पत्ता बघून चकित होशील. मी इथे उताणा पडून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं.

पुतळीआत्या आली. पायरीवरूनच बोलायला लागली. "काय रं कमळ्या, घरात पायाळू असून माज्या म्हातारीचा पाय लागतो व्हय तुला?"

इंदू म्हणाली, "घरातला वरशात पाय पसरून बसलाय, आत्या. तुमी या."

मी उंबऱ्याजवळ पालथा झालो. समोर गणपती होते, समई होती. मी देवाचं नाव घेतलं आणि कपाळ जमिनीला टेकवलं. आणि मला कळलं की माझ्या पोटाखाली काहीतरी उडतं आहे. चटईखाली बेडूक सापडावा तसं. छातीत एक ठोका पडला की खाली एक उडी. मी म्हटलं, "आत्या, थांब जरा."

"अजून टेकवला बी नाय रं. बाप्या माणूस ना तू?"

तिने नुसती बोटं टेकवली असतील. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. तो मी आधी ऐकलेला होता. कुठे, ते तुला सांगायला नको.

तिने पाय असा मागे घेतला की स्वतःच भिंतीवर आपटली. "गो इंदू, उचल याला. ही उसण नाय गो. उचल आधी!" मग खाली बसून राहिली. चहा घेतला नाही. जाताना उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "आता मी नाय लावणार पाय कुनाला." अगदी तुझंच वाक्य.

त्याच दिवशी पेण. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि तिथेच थबकले. मशीनवर पाहिलं, दोन ठिकाणी फोन केले. मला म्हणाले, उठू नका, जोर करू नका, खोकला आला तर हळू खोका. गाडीतून मला इथे आणलं तेव्हा हमरस्त्यावर पेणची दुकानं मागे जाताना मी आडवा पडून फक्त त्यांचे पत्रे पाहत होतो.

पोटात मणक्याला लागून मोठी रक्तवाहिनी असते, कमरेखालचं सगळं रक्त तिच्यातून जातं. तिच्या भिंतीला जंतूंनी पोखरलं आहे आणि तिथे फुगा आला आहे. तो फुटला तर हॉस्पिटलच्या दारात असूनही वेळ मिळेल याची खात्री नाही, असं म्हणाले.

तू रविवारी आला नाहीस. आला असतास तर

हे वाक्य राहू दे. आज पुढे लिहवत नाही.

कमळाकर


मुंबई
३ ऑक्टोबर

दादा,

तुझं दुसरं कार्ड इंदूच्या हाती आलं. "बाबांचं हेच होतं काय? डॉक्टरांना विचार." विचारतो. इथल्या सर्जनबाई फार घाईत असतात. वेळ बघून विचारतो.

सलाईनमधून रात्रंदिवस औषध चाललं आहे. ताप उतरला, पण जिवाला स्वस्थता नाही. छताचा पंखा बघतो, खिडकीतला कावळा बघतो, आणि सारखा हात पोटावर जातो. बेडूक आहे की नाही ते बघायला. तो आहे याची भीती, आणि नसला तर त्याची जास्त भीती. नामस्मरण करायला घेतो तर ते त्या उड्यांच्या तालावर व्हायला लागतं. मग थांबतो.

जंतूचं नाव लांबलचक आहे, माझ्या लक्षात राहिलं नाही. तो मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो म्हणे. जखमेतून शिरतो, साखरेच्या माणसाला लवकर धरतो. मी विचारलं, "म्हणजे खांडीतल्या चिखलातून?" बाई म्हणाल्या, "नक्की कसं सांगू? पण शक्य आहे." त्या चिखलावर आपण जेवलो, दादा. बाबा मळ्यात उतरताना वाकून आधी त्याला हात लावायचे आणि कपाळाला न्यायचे. मीही नेतो. मला त्याच्यावर रागावता येत नाही, आणि रागावता येत नाही म्हणून तळमळतो.

ऑपरेशन काय ते बाईंनी कागदावर काढून दाखवलं. मी म्हटलं, फुगा कापून तिथेच नवी नळी जोडाल ना? त्या म्हणाल्या, "तिथे नाही जोडत. ती जागा जंतूंची आहे. माझी नळीही ते खातील." म्हणून आधी खांद्याच्या हाडाखालच्या रक्तवाहिनीला एक नळी जोडायची. ती कातडीखालून कुशीने खाली उतरवायची आणि दोन्ही जांघांत नेऊन सोडायची. पायांना रक्त त्या वाटेने मिळालं की मग पोट उघडायचं, कुजलेला भाग काढायचा आणि मोठ्या वाहिनीची तोंडं कायमची शिवून टाकायची.

मी कागद बघत राहिलो आणि मला आपली खांड दिसली. फुटलेल्या तोंडात कितीही माती ओता, पुढची भरती ती घेऊन जाते, कारण तिथली जमीनच कुजलेली असते. म्हणून बाबा माणसं मागे घ्यायचे आणि घट्ट जमिनीतून वळसा घालून नवा बांध उभा करायचे. हे मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "अगदी असंच." मग कागदाची घडी घालताना म्हणाल्या, "पण धोका मोठा आहे हं, काका. टेबलावरही काही होऊ शकतं. एखादा पाय जाऊ शकतो. शिवलेलं तोंड पुढे कधी सुटूही शकतं."

इंदूने सहीच्या कागदाला हात लावला नाही. म्हणाली, "यांचा पाय जाईल, जीव जाईल, त्याच्यावर मी अंगठा मारू?" ती सातवी शिकलेली आहे, सही छान करते. रागावली की अंगठ्यावर येते. शेवटी मी म्हटलं, "गो, न करता घरी गेलो तर फुटणारच आहे. बांध घालायचा की भरतीची वाट बघत बसायचं, एवढंच आपल्या हातात आहे." तेव्हा तिने पेन घेतलं.

कमळाकर


मुंबई
११ ऑक्टोबर, दुपार

दादा,

उद्या सकाळी नेतात.

आज करदोडा कापला. आईने लहानपणी बांधला तेव्हापासून जुना झाला की दुसरा, पण कंबर कधी मोकळी राहिली नव्हती. यापुढे बांधायचा नाही. नळी तिथूनच जाणार, तिच्यावर काही आवळायचं नाही. ब्रदर कात्री घेऊन नुसताच उभा राहिला. म्हणाला, "मामा, तुम्हीच कापता काय? माझा हात नाही होत." मी कापला. इंदूने उचलून पदराच्या गाठीत बांधला. कमरेला हात गेला की चुकल्यासारखं होतं.

नर्सने दोन्ही पावलांवर पेनने फुल्या काढल्या आहेत, जिथे नाडी लागते तिथे. उद्यानंतर तिथेच बघणार, रक्त पोचतं की नाही.

मी मेलो तर आपल्या घरातून बंदिस्तीला कुणी उरत नाही. सकाळपासून माझ्या डोक्यात हेच फिरतं आहे. देवाकडे मागायला बसलो तेव्हा बायकोचं मागावं, मोक्षाचं मागावं, तर मनात आली ती खांड. देव हसला असेल.

तू ये असं म्हणत नाही.

कमळाकर


कासू
६ जानेवारी २००५

दादा,

घरी आलो. जिवंत आहे, दोन्ही पाय आहेत. वहिनींचा इंदूला फोन जात होता, तेव्हा हे तुला कळलं असणारच. पण माझ्या हाताने कळवायचं राहिलं होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा सर्जनबाई माझ्या पायाशी उभ्या होत्या आणि त्यांची बोटं माझ्या पावलावरच्या फुलीवर होती. एवढी शिकलेली बाई, आणि माझ्या भेगाळलेल्या पायाला हात! मी पाय ओढून घ्यायला गेलो, पण अंगात ताकद नव्हती. म्हटलं, "बाई, पायाला नका हात लावू." तर म्हणाल्या, "काका, आज तुमचे पाय गरम लागले. मला एवढंच हवं होतं."

त्यानंतर कितीतरी आठवडे सलाईन, मग गोळ्या. गोळ्या अजून महिनोन्‌महिने आहेत. फुटायचं भय पूर्ण गेलं असं कुणी म्हणत नाही. पोटात बेडूक नाही. आता उजव्या कुशीत, कातडीखाली, बोट ठेवलं की धडधड लागते. त्या कुशीवर निजायचं नाही. मला तर कुठल्याच कुशीवर धड झोप येत नाही. उधाणाचे दिवस आले की उठून ओट्यावर बसतो.

आता तू विचारलं होतंस ते. मी तुला लिहिलं की विचारतो. खरं म्हणजे तुझं कार्ड यायच्या आधीच मी बाईंना विचारलेलं होतं. उत्तर मला आवडलं नाही म्हणून तुझ्यापासून लपवलं.

मला तुला असं लिहायचं होतं की डॉक्टर म्हणाल्या, पायाने काही होत नाही, गुणाजीदादाचा दोष नाही. तसं पत्र लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. देव्हाऱ्यासमोर बसून खोटं लिहिता येईना. बाई म्हणाल्या ते असं: "तुमच्या वडिलांना मी तपासलं नाही. हाच आजार होता की दुसरा, सांगता येणार नाही. हाच असेल तर फुगा पायाने फुटला असेल, किंवा त्या दिवशी आपणहूनही फुटला असता. झोपेतसुद्धा फुटतो. मला माहीत नाही." बस, एवढंच. ज्याला कळायला हवं त्या डॉक्टरलाही माहीत नाही, तर कान्हूकाकाला स्मशानात कुठून कळलं?

पण एक गोष्ट मला माहीत आहे, आणि ती कुठल्या मशीनवर दिसत नाही. सप्टेंबरात अर्धं सोडलेलं वाक्य आता पुरं करतो. तू आला असतास तर मी तुझ्या पायाखाली मेलो असतो. बाबांसारखाच, त्याच उंबऱ्याजवळ. आणि मरताना मला ठाऊक असतं की मीच तुला बोलावलं. पत्र घालून, गाडीची वेळ सांगून, टोमणे मारून बोलावलं. तू हात जोडून नाही म्हणत होतास. मग त्यात तुझा दोष कुठे होता? आणि माझ्या बाबतीत नसता, तर बाबांच्या बाबतीत कसा आला? त्यांनीही तुला मळ्यातून बोलावून घेतलं होतं. दुखणारा माणूस हाक मारतो आणि आपलं माणूस धावतं. त्यात पाप कुठे आहे ते मी खूप शोधलं. मला सापडलं नाही.

यापेक्षा जास्त माझ्याकडे काही नाही. हे पुरणार नाही तुला, तेही कळतं.

दुसरी गोष्ट कामाची. खांड पावसात कशीबशी बुजवली होती, ती अजून गळते. पुढच्या रविवारी, १६ तारखेला, भांगाची भरती आहे, उधाणाची नव्हे. पाणी फार चढणार नाही, तेव्हा वळसा घालून पक्का बांध घ्यायचं गावाने ठरवलं आहे. बाईंनी मला चिखल वर्ज्य केला आहे. अनवाणी तर कधीच नाही. कामाआधी मारुतीच्या देवळासमोर मोरू पाटील घराघराची हाक घालतो, ते तुला आठवत असेल. आपल्या घराची हाक अजून बाबांच्याच नावाने पडते. "काळुराम!" इतकी वर्षं मी "हाय" म्हणत आलो. त्या रविवारी मी ओट्यावर बसून ऐकणार, आणि मला तोंड उघडता येणार नाही. मोरू एकदा पुकारेल, थांबेल, आणि पुढच्या घराचं नाव घेईल.

तुझ्या पायाला कापलं-बिपलं असेल तर येऊ नकोस. नसेल तर गमबूट घालून ये. साखर तपासून ये. जेवायला थांब. इंदूने वालाचं बिरडं करायचं आधीच ठरवलं आहे, ती माझं ऐकणार नाही.

माझ्या पाठीला काही नको आता. आलास तर माझ्या कुशीला हात लाव. नवा बांध कसा धरला आहे ते बोटांना कळतं.

कमळाकर


वरसे, रोहा
११ जानेवारी

कमळाकर,

पत्र पोचलं. विमलने वाचलं, मग मी वाचलं, मग पुन्हा तिने.

शनिवारची नाईट शिफ्ट बदलून घेतली. साखर तपासली, नाही. गमबूट घेतले. बाजारात आठ नंबर मिळाला नाही, नऊचे आहेत, दोन मोजे घालतो. मोरूला सांग, काळुरामची हाक जरा जोरात घाल, मला कमी ऐकू येतं.

पाय घरी ठेवून येता येत नाहीत, म्हणून बुटात घालून आणतो आहे.

गुणाजी